न चाळलेली राख

रविवार, ८ जून १९८६

कारखान्याला माल पुरवणाऱ्या एकाने जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. आज सुरू करतो. आज जे घडलं ते लिहून ठेवलं नाही तर उद्या माझाच त्यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी नऊला बेल वाजली. दारात साठीचे एक गृहस्थ, सफारी सूट, खांद्याला शबनम. "घाडी इथेच ना? मी विद्याधर कारखानीस. घाटकोपरहून आलो." मला वाटलं, सुगंधाच्या शिवणवर्गातल्या कोणा बाईचे यजमान असतील. ती जाऊन चार महिने झाले तरी अजून कोणी ना कोणी भेटायला येतं. मी पंखा लावला, पाणी दिलं. ते पाणी प्यायले, त्यांनी भिंतीवरच्या फोटोला नमस्कार केला आणि म्हणाले, "वहिनींचं फार वाईट झालं. आता मुद्द्याचं बोलतो. तवशाचं बी."

"कशाचं?"

"तवशाचं हो. पावसाळ्यात येते ती हातभर लांब, जाड काकडी. वहिनींच्या माहेरची. तुम्ही तर दर वर्षी खात असणार!"

खात होतो. बियाच बिया. चमच्याने काढून टाकाव्या लागायच्या.

मग त्यांनी अर्धा तास माहिती दिली. यांचं एक मंडळ आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली असे मिळून एकवीस लोक. प्रत्येकाने आपल्या गावची एकेक जुनी भाजी खोक्यात नाहीतर डब्यात लावायची, तिचं बी धरायचं आणि दर पावसाळ्यात एकमेकांना द्यायचं. दुकानातलं पाकीट आणलं की मंडळातून नाव कमी. सुगंधा नऊ वर्षं यात होती. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती भजनाला जाते असं मी समजत होतो. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

"तवसं राखायचं काम वहिनींकडे होतं," कारखानीस म्हणाले. "हे बी आता दुसरीकडे कुठेच नाही. हायब्रीडने वाट लावली सगळ्याची."

मी सांगितलं की घरात बी वगैरे काही नाही. स्वयंपाकघर मी स्वतः आवरलं आहे, एकही डबा उघडल्याशिवाय ठेवलेला नाही. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच लपवून ठेवलं आहे. निघताना म्हणाले, "एकदा नीट बघा." मी तेवीस वर्षं इन्स्पेक्शन करतो. मला सांगतात, नीट बघा.

खरं तर त्या स्वयंपाकघराबद्दल मीच चार गोष्टी सांगू शकलो असतो. एकाही डब्यावर नाव नाही. हळदीच्या डब्यात सुया. गेल्या महिन्यात तिच्या तिसऱ्या मासिक श्राद्धाला समई घासायला म्हणून राखेचा डबा काढला, तर राख चाळलेलीसुद्धा नव्हती. आत चपटी तुसंच तुसं. समईवर ओरखडे उठले. शेवटी राख मोरीत ओतली आणि डबा मागच्या खिडकीतून झटकला. नाहूरची माझी बहीण विमला आली होती, ती ओरडली, "दादा, भरल्या घरातली राख अशी फेकतात का?" डबा धुतला. आता त्यात साखर आहे आणि वर ‘साखर’ लिहिलेलं आहे.

सोमवार, १६ जून

संध्याकाळी कामावरून येऊन चहा टाकला तोच मागच्या खिडकीखालून हाक आली. "भावजी! ओ भावजी!" पुतळाबाई, खाडीकडच्या कोळीवाड्यातली. टोपली घेऊन आमच्या सोसायटीत येते. आमचं घर तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीमागे चार फूट रुंदीची पट्टी आहे. तिथे सुगंधाचं ‘शेत’ असायचं. ही बाई मासे धुतलेलं पाणी डब्यात भरून आणायची आणि सुगंधा ते झाडांना घालायची. दोन दिवस घराला बंदराचा वास. मी नाकाला रुमाल लावून जेवलो आहे.

मी आतूनच म्हटलं, "वर्षभर घरात मासे नाहीत. दुखवट्याचं घर आहे."

"मासं नाय रं. दुसरंच बोलाचं हाय."

यांचं दुसरं म्हणजे सुरमईऐवजी कोळंबी. मी खिडकी लावून घेतली.

रविवार, १३ जुलै

कारखानीसांची तीन पोस्टकार्डं आली. शेवटच्या कार्डात ‘वहिनींना श्रद्धांजली’ असल्यामुळे जाणं भाग पडलं. एकदाचं तोंडावर सांगून यावं, पुन्हा पत्र नको, असाही विचार होता.

घाटकोपरला त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर ताडपत्री बांधलेली. खाली सतरंजीवर पंधरा-सोळा वयस्क माणसं, समोर रिकाम्या काड्यापेट्यांचा ढीग. प्रत्येक काड्यापेटीवर कागद चिकटवून नाव लिहिलेलं आणि आत आठ-दहा बिया. मुंजीला भिक्षावळ घालतात तशी एकमेकांच्या ओंजळीत घालत होते. एक नियम मला तिथे कळला. मागितल्याशिवाय कोणी कोणाला बी द्यायचं नाही. न मागता दिलेलं बी माणूस कोनाड्यात ठेवतो आणि विसरतो म्हणे. मोठं तत्त्वज्ञान.

कारखानीसांचं वांगं. त्याच्याबद्दल ते बोलतात ते असं: "मी हे बोरिवलीला दिलं आहे. चांगलं घर आहे. सुखात आहे." मला आधी वाटलं, मुलीबद्दल चाललं आहे. पलीकडे एक पेन्शनर घेवड्याचा दाणा भिंगातून बघत होते. त्यांना मी विचारलं, "किती मिलिमीटर?" तर म्हणाले, "मोजायचं नसतं हो." मग बघता कशाला?

श्रद्धांजली दोन मिनिटांची झाली. उभं राहून डोळे मिटले. कोणाच्या तरी पिशवीतून कोथिंबिरीचा वास येत होता.

नंतर बोरिवलीच्या सुहासिनीबाईंनी पिशवीतून एक जुना दुधाच्या पावडरीचा डबा काढला, झाकण उघडलं आणि आतून मूठभर राख वर्तमानपत्रावर ओतली. राख बोटांनी बाजूला केली. आत काकडीच्या बिया होत्या. चपट्या, टोकाला निमुळत्या.

मी विचारलं, राख कशासाठी?

"कीड लागत नाही. आमच्या वहिनींनीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "त्यांचं तवसंही राखेतच असायचं. सापडलं का हो?"

मी म्हटलं, "शोधतो आहे."

सोमवार, १४ जुलै

साखर ताटात काढून डबा बघितला. धुतलेल्या डब्यात काय असणार.

समईवर ओरखडे आहेत ते बारीक, एका दिशेने.

शनिवार, १९ जुलै

मला स्वतःला तवसं आवडत नाही हे आधी लिहून ठेवतो. पण एक वस्तू आपल्या ताब्यात होती आणि ती आपल्या हातून गेली, हे मला कारखान्यातही चालत नाही. सुगंधाच्या भावाला बडोद्याला लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. ‘आमच्याकडे कुणी ठेवलं नाही. आई गेली तेव्हा सगळं बी ताईच घेऊन गेली होती. तुमच्याकडेच असणार.’ वर लिहितो, ‘तुम्हाला कधीपासून बागेचा नाद?’ त्याला कार्डाचं उत्तर पाठवणार नाही.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत काही बांधलेलं होतं. मी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली, "काही नाही." मी मान्य केलं.

रविवार, २० जुलै

आज सकाळी मागच्या पट्टीत मोरीच्या पाइपाजवळ तीन रोपं दिसली. काकडीसारखी पानं, खरखरीत. डबा मी तिथेच झटकला होता. बाकी सगळी पट्टी गवताने भरली आहे, पण ही तीन रोपं बरोबर खिडकीच्या खाली आहेत.

आळं केलं. सुतळी बांधली. स्टीलची पट्टी आणून उंची घेतली: अकरा, नऊ आणि साडेसात सेंटिमीटर.

कोणाला सांगणार नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

सगळ्यात मोठं रोप बावन्न सेंटिमीटर. फूल आलं, पिवळं, लहान. मी सगळ्या नोंदी तक्त्यात ठेवतो आहे. त्या मंडळात एकाकडेही असा तक्ता नाही. एकवीस माणसं नऊ वर्षं बी-बी करत बसली आणि शेवटी काम कोणी केलं? ज्याला आवड नाही त्याने.

सोसायटीच्या सेक्रेटरी द्रौपदीबाई खिडकीतून म्हणाल्या, "घाडी, वहिनींची हौस चालवताय वाटतं?" मी म्हटलं, "गवत काढतोय." बायकांना सगळ्यात हौस दिसते.

रविवार, १० ऑगस्ट

मंडळात गेलो. खरं सांगायचं तर कारखानीसांचा चेहरा बघायचा होता.

"काय मग घाडीसाहेब? बी?"

"मिळालं," मी म्हटलं. "पेरलं आहे. वेल खिडकीच्या वर गेला."

सगळी गच्ची एकदम बोलायला लागली. घेवडेवाल्या पेन्शनरांनी माझा हात हातात घेतला. कारखानीस म्हणाले, "झकास! म्हणजे होतं ना घरात? मी म्हणत होतो नीट बघा." पुढच्या महिन्याची बैठक माझ्याकडे घ्यायची ठरली, वेल बघायला. मी हो म्हटलं. बघू दे.

सुहासिनीबाईंनी जाताना हळूच विचारलं, "फळ केवढं झालं?" मी म्हटलं, सुरुवात आहे.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. सकाळी वेलापाशी बसलो होतो. पुतळाबाई टोपली घेऊन मागच्या गल्लीतून आली. वेलाकडे बघून तिने टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात घेऊन उभी राहिली. तोंडाला पदर लावला. हसत होती.

"भावजी, ह्यो वेल तू लावलास?"

"माझ्या बायकोचा आहे."

"त्ये मना दिसतंय. पण तुना ठावं हाय का ह्यो—"

मी म्हटलं, "पुतळाबाई, मासे नकोत. पाणी नको. वेलाला हात लावू नका." मासे विकणाऱ्या बाईने मला शेतीचं सांगायचं राहिलं होतं.

तिने टोपली उचलली. "बरं. मी दोन येला आयले. आता मी येणार नाय. तुना गरज पडली तर तू येशील." आणि गेली. अशा माणसांना बोलायला लागलं की ही अशी डोक्यावर बसतात. सुगंधाने तिला फार लाडावून ठेवलं होतं.

रविवार, २४ ऑगस्ट

फळं धरली. बावीस मोजली. हिरवी, अंगावर फिकट पट्टे. तवशाला पट्टे असतात का ते आठवत नाही. ताटात यायचं तेव्हा सोललेलं असायचं.

शनिवार, ६ सप्टेंबर

फळं लिंबाएवढी झाली आणि थांबली. दहा दिवसांत एका मिलिमीटरचाही फरक नाही. गोल आहेत. तवसं लांब होतं एवढं मला नक्की माहीत आहे, पण आधी गोल आणि मग लांब असं काही असेल. दुकानातून खत आणून घातलं.

एक कापून चाखलं. जिभेपासून कानापर्यंत कडू. दिवसभर चहाही गोड लागला नाही. खताचा परिणाम असावा. आमच्याकडे यंदा गणपती नाही, म्हणून विमलाच्या घरी उद्या जेवायला जायचं आहे. तिला विचारू म्हटलं, पण ती मोठ्याने हसते.

रविवार, १४ सप्टेंबर

आज झालं ते.

अकरा जण आले. मी खुर्च्या शेजारून आणल्या होत्या, चिवडा आणला होता, तक्ता फळ्यासारखा भिंतीवर लावला होता. चहा व्हायच्या आतच सगळे मागच्या पट्टीत गेले. कारखानीस सर्वांत पुढे. ते वेलासमोर उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, घातला, परत काढला.

घेवडेवाल्या पेन्शनरांनी भिंग काढून एक फळ बघितलं.

शेवटी सुहासिनीबाई म्हणाल्या, अगदी हळू, "अहो घाडी, हे कारिट आहे."

कारिट म्हणजे नरकचतुर्दशीला आंघोळीच्या आधी दाराशी ठेवून पायाच्या अंगठ्याखाली फोडतात ते. पिवळं फळ, लिंबाएवढं. दर दिवाळीला पाटावर ठेवलेलं मी बघितलं आहे. बघितलं म्हणजे काय, फोडलं आहे. आठ आठवडे मी त्याची मोजमापं घेत होतो.

एक जण फिसकन हसला. मग सगळेच हसायला लागले. मी हसलो असतो तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "राखेत होतं."

"काय राखेत होतं?"

मग मी सगळं सांगितलं. समई, तुसं, मोरी, खिडकी. साखरेचा डबा आत जाऊन आणला आणि दाखवला. मी असं का केलं ते मला माहीत नाही. एखादा पार्ट चुकीचा पास झाला तर तो टेबलावर आणून ठेवायचा ही सवय.

हसणं थांबलं. मला वाटलं आता कारखानीस मला धारेवर धरणार. ते मात्र पायरीवर बसले. "मलाही एक सांगायचं आहे," म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी वहिनींनी मला सहा बिया दिल्या होत्या. एकच फळ धरलं. नियम असा की पहिलं फळ बियाला ठेवायचं, खायचं नाही. मी खाल्लं. मंडळाला सांगितलं, उंदराने नेलं." मग म्हणाले, "पुन्हा मागायला वहिनींकडे तोंड नव्हतं. म्हणून तुमच्याकडे आलो."

म्हणजे हा माणूस जूनपासून मला नीट बघा, नीट बघा सांगत होता आणि याने स्वतः खाल्लेलं. मला त्यांच्याबद्दल जे वाटत होतं त्यात काही चूक नव्हती. फक्त मी स्वतःला त्या यादीत धरलं नव्हतं.

कोणी चिवडा खाल्ला नाही. जाताना सुहासिनीबाईंनी डबा हातात घेऊन बघितला. "तुमच्याकडे गॅस आहे ना?"

"चौऱ्याहत्तरपासून."

"मग राख कुठली?"

मंगळवार, १६ सप्टेंबर

बारा वर्षं गॅसच्या घरात राखेचा डबा भरलेला होता. माल आत येतो तेव्हा कुठून आला हे मी चलानावर पहिलं बघतो. घरात कधी बघितलं नाही.

सोसायटीत चूल कोणाकडे नाही. द्रौपदीबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "इश्श, आमच्याकडे कुठली राख? वहिनींना ती पुतळाबाई आणून द्यायची. मासळीच्या टोपलीत, पुडीत बांधून."

रविवार, २८ सप्टेंबर

कोळीवाडा इथून पंधरा मिनिटांवर आहे. आज जाणार होतो, पण पाऊस होता.

कारिटाचा वेल उपटून टाकायचा होता. चिखलात कोण जाणार. राहिला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज पाऊस नव्हता. सांधा दुखत होता.

पुतळाबाई सोसायटीत येते. पुढच्या दाराने येते, वरच्या मजल्यांवर जाते, माझ्या खिडकीवरून जात नाही. मी दोनदा गॅलरीत उभा राहिलो. तिने बघितलं आणि पुढे गेली. जिना उतरताना वरच्या बाईंना मोठ्याने सांगत होती, "नाय गं बाय, खालच्या घरान मासं नाय चालत. खालचं घर सोवळं हाय." मला ऐकू जावं म्हणूनच.

रविवार, २६ ऑक्टोबर

गेलो.

मिठागराच्या बाजूने रस्ता आहे. तिचं घर शोधायला लागलं नाही. दिसलेल्या पहिल्याच म्हातारीला विचारलं तर तिने नाव न ऐकताच बोट दाखवलं. "सुगंधाबायचा नवरा नाय का तू? पलीकडं, निळं दार." मला इथे ओळखतात. मी कधी आलो नाही.

पुतळाबाई ओट्यावर बसून जाळं शिवत होती. दारासमोर चूल. तिने वर बघितलं नाही.

"आयलास? मना वाटलं पुढच्या दिवालीला येशील."

मी म्हटलं, "एक विचारायचं होतं."

"इचार."

उभ्या उभ्याच विचारलं. सुगंधा राख तुमच्याकडून न्यायची का? हो. बिया ठेवायला? हो. कोणत्या बिया, ते तुम्हाला माहीत होतं का?

ती उठली. मला हाताने आत बोलावलं. आत माशांचा वास, धूर, अंधार. हे लिहिताना माझ्या सदऱ्याला अजून येतो आहे. तिने वर बोट केलं. वाशाला जुन्या जाळ्याचा तुकडा झोळीसारखा बांधला होता आणि त्यात एक तवसं होतं. हातभर लांब, मांडीएवढं जाड, तपकिरी पडलेलं, अंगावर बारीक भेगांची जाळी. पिकून तयार.

तिची बोली मला बरोबर लिहिता येत नाही, पण ती म्हणाली ते असं. सुगंधा दर वर्षी चार बिया हिच्याकडे ठेवायची. एका घरात बी राहिलं तर एका दिवसात जातं, म्हणायची. यंदाचा वेल हिच्या परसात वाढला, पहिलं फळ हिने ठेवलं.

"त्येच सांगायला आयले होते दोन येला. तू खिडकी लावलीस."

"मग ठेवून जायचं होतं. दारात."

"न मागता बी देतात व्हय? तिनंच शिकवलं मना." मग जाळं बाजूला करत म्हणाली, "ती दवाखान्यात होती तवा बोलली, आमचे हे येतील मागायला. मी बोलले, तो कसला येतोय. ती बोलली, येतील. उशीर करतील, पण येतील."

दवाखान्यात मी रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ जात होतो. मला ती म्हणायची, गॅस बंद केलात ना?

मग मी म्हटलं, "द्या. मागतो." आणि खिशात हात घातला.

"पाकीट ठेव. बदल्यात काय आणलंस?"

मी काहीच आणलं नव्हतं.

"कारिटं कुटं हायत?" ती म्हणाली. "दर साली पन्नास कारिटं आणी ती. आख्ख्या आळीला. परवावर दिवाली आयली, पोरं काय फोडतील? दोन्ही बिया एका डब्यान ठेवी. मी बोले, मिसळतील गं बाय. ती हसे. उगवल्यावर कळतं, बोले." आणि पदर तोंडाला लावून, "तुना तेवढंच कळलं नाय."

मी घरी आलो. पिशवी घेतली. वेल वाळत आला होता, फळं पिवळी पडून मातीवर लोळत होती. बावीस नव्हती. जमिनीवर बसून शोधली तेव्हा छप्पन्न झाली. तक्त्यात नोंद केली नाही. चार घरात ठेवली. यंदा आमच्याकडे दिवाळी नाही, तरी ठेवली. दोन द्रौपदीबाईंना दिली, कारण त्यांनी मागितली. "वहिनी द्यायच्या," म्हणाल्या. पन्नास घेऊन परत गेलो.

तिने मोजली नाहीत. टोपलीत ओतली आणि शेजारणींना हाक मारली. मग झोळी सोडली आणि तवसं पाटावर ठेवून कोयत्याने उभं चिरलं. कोयता गंजलेला, मी पास केला नसता. आतला गर आंबट झालेला, मध्ये बियाच बिया. मला काढून टाकायला लागायच्या त्याच. तिने एक फोड कापून माझ्या हातात दिली. आंबट, पाणचट. आवडली नाही. संपवली.

बिया तिने धुऊन पानावर पसरून दिल्या. दोन दिवस सावलीत वाळवायच्या, उन्हात नाही. अर्ध्या मी नेल्या, अर्ध्या तिच्याकडे राहिल्या. कारखानीसांना सहा देणार आहे, पण त्यांनी मागितल्यावर. तोवर उंदराची चौकशी करणार आहे.

निघताना मला आठवलं आणि मी परत फिरलो. म्हटलं, राख.

तिने चुलीतली थंड राख पत्र्याने ओढली. साखरेचा डबा मी बरोबर नेला होता, साखर घरी ताटात आहे. राखेत कोळशाचे कण होते, काटक्या होत्या, माशाचं एखादं हाडही असेल. तिने ते बघितलं, माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघितलं आणि भिंतीवरची चाळण काढली.

"चाळून देऊ?"

म्हटलं, नको. तशीच द्या.